हॉलंडचे सागरबांध

हॉलंडमधील एका मुलानें समुद्राच्या बांधाला पडलेलें भोंक रात्रभर बोटानें बुजवून धरिलें आणि सारा गांव बुडण्यापासून वांचविला, ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. ती मूळची हॉलंडची नव्हे. मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालीं निघालेल्या एका कादंबरीनें ती जगभर पसरविली, आणि खुद्द डच माणसास ती बहुधा परदेशी प्रवाशाच्या तोंडूनच ऐकावयास मिळते. बांध बोटाएवढ्या भोंकानें बुडवीत नाहींत आणि बोटानें तारीतही नाहींत. मातीचा बांध फुटतो तो पुष्कळदां पाठीकडून. त्याच्या तोंडावर दगडांचें चिलखत असतें. पाठीवर नुसतें गवत, आणि त्या गवतावर मेंढ्या चरत असतात. उधाणाचें पाणी माथ्यावरून पलीकडे सांडूं लागलें कीं हें गवत सोललें जातें, भिजून जड झालेली माती घसरूं लागते, आणि समुद्राकडची बाजू शाबूत दिसत असतांनाच तिचा आधार मागून निघून जातो. १९५३ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या रात्रीं हॉलंडच्या नैर्ऋत्य भागांत ठिकठिकाणीं हेंच घडलें. त्या रात्रीचा इशारा कित्येक वर्षें अगोदर लेखी दिला गेला होता, म्हणून तिची हकीकत मुळापासून सांगण्यासारखी आहे.

नेदरलंड्स या नांवाचा अर्थच सखल प्रदेश असा आहे. देशाचा सुमारें चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखालीं आहे. परंतु तो आरंभापासून इतका खालीं होता असें समजूं नये. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी यानें उत्तर समुद्राच्या कांठचे लोक पाहिले, तेव्हां ते हातांनीं रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर झोपड्या बांधून राहत. भरतीच्या वेळीं ते जहाजांवरील खलाशांसारखे दिसत आणि ओहोटीच्या वेळीं जहाज फुटून कांठाला लागलेल्या अभाग्यांसारखे, असें त्याचें वर्णन आहे. त्या काळीं बांध नव्हते. पाणी येई आणि जाई. पुढें इसवी सनाच्या १००० च्या सुमारास लोकांनीं आंतल्या दलदलींत चर खणून पाणी काढण्यास आरंभ केला आणि तेथें धान्य पेरलें. ही दलदल कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थरांची होती. असा थर पाण्यांत असेपर्यंत टिकतो. कोरडा पडला कीं हवेनें झिजतो आणि बसतो. जमीन बसली म्हणून चर खोल केले, चर खोल केले म्हणून जमीन आणखी बसली. त्यांतच सरपणासाठीं आणि मिठासाठीं तोच थर खणून जाळण्यांत आला. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्यांनीं आपलीच भूमि समुद्राखालीं नेली, आणि मग ती राखण्यासाठीं बांध अपरिहार्य झाला.

कोंकणांतील खाडीकांठची खारबंदिस्ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस डच लोकांचा ‘पोल्डर’ म्हणजे काय हें फारसें समजावून सांगावें लागणार नाहीं. बाहेरून बांध, आंत शेत, आणि ओहोटीच्या वेळीं आंतलें पाणी बाहेर सोडून भरतीला बंद होणारी उघाडी, ही रचना दोहोंकडे एकच. फरक असा कीं, डच जमीन इतकी खालीं गेली कीं नुसत्या उघाडीनें भागेना. पाणी उपसून वर चढवावें लागलें. त्यासाठीं प्रथम पवनचक्क्या आल्या, नंतर वाफेचीं यंत्रें. हार्लेमचें मोठें सरोवर १८४९ ते १८५२ पर्यंत तीन वाफेच्या पंपांनीं उपसून कोरडें केलें, आणि आज त्याच सरोवराच्या तळावर स्किपोलचा विमानतळ आहे.

बांध राखावयाचा कोणी, हा प्रश्न तेथें राजाच्याही अगोदर गांवकऱ्यांनीं सोडविला. ज्यांच्या जमिनी एका बांधाआड येत त्यांचें एक पाणी-मंडळ बने. तें कर घेई, पाहणी करी, दंड करी. लायडन शहराच्या परिसरांतील राइनलंड मंडळाला १२५५ सालीं काउंट विल्यम याची सनद मिळाली, आणि तें मंडळ आजही काम करीत आहे. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा एक ठराविक तुकडा असे. तो राखणें ज्याच्या ऐपतीबाहेर जाई, त्यानें आपलें फावडें बांधांत रोवावें आणि जमीन सोडून चालतें व्हावें. जो कोणी तें फावडें उपटील त्याची ती जमीन, आणि बांधाचें ओझेंही त्याचेंच. कायदा निष्ठुर होता खरा. परंतु शेजाऱ्याचा एक कच्चा तुकडा साऱ्या गांवाला बुडवितो हें ज्यांनीं अनुभविलें होतें, त्यांनींच तो केला होता. दुफळीच्या काळांत हा धाक सुटला कीं काय होतें हें १४२१ च्या नोव्हेंबरांत दिसलें. सरदारांच्या दोन पक्षांच्या भांडणांत दुर्लक्षिलेले बांध सेंट एलिझाबेथच्या उत्सवाच्या सुमारास फुटले, आणि डोर्ड्रेख्टजवळचा एक सबंध सुपीक टापू पाण्याखालीं गेला. त्याचा मोठा भाग पुन्हां जमीन झाला नाहीं. तेथें आज बीसबॉशचें पाणथळ रान आहे.

समुद्रानें बांधावर नेहमीं लाटांनींच हल्ला केला असें नाहीं. १७३१ च्या सुमारास बांधांच्या तोंडाशीं ठोकलेले लांकडी खांब आपोआप मोडूं लागले. पाहतात तों खांब आंतून मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले. उष्ण समुद्रांतून जहाजांच्या तळांना चिकटून आलेल्या एका लांकूडखाऊ प्राण्याचा हा पराक्रम होता. धर्मगुरूंनीं त्यांत देवाचा कोप पाहिला. इंजिनियरांनीं लांकूड टाकून दगड घेतला. परंतु हॉलंडमध्यें दगड कोठून यावयाचा? तो नॉर्वेकडून व बाल्टिककडून जहाजांनीं आणावा लागला. ड्रेंथे प्रांतांतील पांच हजार वर्षांच्या प्राचीन शिलासमाधींवरचे धोंडेही बांधांसाठीं जाऊं लागले, तेव्हां १७३४ सालीं तेथील सभेनें ते हलविण्यास बंदी केली. पुराणवस्तूंच्या रक्षणाचा हा युरोपांतील एक अगदीं आरंभींचा कायदा म्हणावा लागेल, आणि तो एका किड्यामुळें झाला!

विसाव्या शतकाच्या आरंभीं डच लोकांपुढें उत्तरेचा प्रश्न होता. देशाच्या मध्यभागापर्यंत घुसलेला झायडर झे हा उथळ उपसागर प्रत्येक वादळांत आपल्या किनाऱ्यांवर चढे. त्याचें तोंडच बांधानें बंद करावें, अशी योजना कॉर्नेलिस लेली या इंजिनियरानें १८९१ मध्येंच मांडली होती. ती पंचवीस वर्षें कागदावर राहिली. १९१६ च्या जानेवारींत उपसागराचे बांध फुटले, महायुद्धामुळें धान्याची टंचाई आली, आणि १९१८ सालीं, लेली स्वतः मंत्री असतांना, कायदा मंजूर झाला. मात्र एक शंका उरली. उपसागरांत शिरणारी भरती बांधानें अडविली, तर ती बाहेर तुंबून फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर किती चढेल? कोणी म्हणे मुळींच नाहीं. कोणी म्हणे गांवें बुडतील. याचा निकाल लावण्यासाठीं सरकारनें ज्या माणसास समितीचें अध्यक्षपद दिलें, तो बांधकामांतला नव्हताच. तो हेंड्रिक लॉरेन्ट्झ, १९०२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी पदार्थविज्ञानवेत्ता. विजेच्या सूक्ष्म कणांचा विचार करणाऱ्या या वृद्ध गृहस्थानें खाड्या, प्रवाह आणि तळाचें घर्षण यांचीं गणितें मांडण्यांत आठ वर्षें घातलीं. एवढ्या किचकट कामाला त्यानें आपला वेळ द्यावा, याचें तत्कालीन शास्त्रज्ञांस नवल वाटे. १९२६ च्या अहवालांत त्यानें सांगितलें कीं, भरती चढेल. कोठें किती, तेंही सांगितलें. त्यानुसार बांधाचें फ्रीसलंडकडील टोंक उत्तरेस सरकविलें आणि किनाऱ्यावरचे बांध उंच केले. १९२८ मध्यें लॉरेन्ट्झ वारला, तेव्हां त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळीं तीन मिनिटें देशांतील तारा-टेलिफोन बंद ठेवण्यांत आले. पुढच्या वर्षीं लेली गेला. २८ मे १९३२ रोजीं बत्तीस किलोमीटरांच्या बांधांतील अखेरची खिंड बुजली, आणि नंतर जी मापें घेतलीं तीं लॉरेन्ट्झच्या आंकड्यांशीं फार चांगलीं जुळलीं.

हें यश उत्तरेचें. दक्षिणेकडे झेलंड प्रांतांत ऱ्हाइन, मास व स्केल्ट या नद्या रुंद मुखांनीं समुद्रास मिळतात, आणि मधलीं बेटें शेंकडों मैल बांधांनीं वेढलेलीं आहेत. १९२९ सालीं सरकारी जलबांधकाम खात्यांत योहान व्हान व्हेन हा उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांताचा इंजिनियर दाखल झाला, आणि त्यानें या मुखांतील प्रवाहांचीं मापें घेण्यास आरंभ केला. त्या काळीं बांधाची उंची ठरविण्याची रीत साधी होती: आजवर पाणी जास्तींत जास्त जेथपर्यंत चढलें, त्यावर थोडें वर. हुक ऑफ हॉलंड येथें १८९४ सालीं पाणी ठराविक पातळीवर ३.२८ मीटर चढलें होतें. तोच समुद्राचा शब्द, असें धरून चालत. १९३९ मध्यें त्याच खात्यांतील वेमेल्सफेल्डर यानें जुन्या नोंदी मांडून दाखविलें कीं, उंच उधाणें दुर्मिळ होत जातात, परंतु त्यांस कोठेंही वरची सीमा दिसत नाहीं. १८९४ चें पाणी हा समुद्राचा शेवटचा शब्द नव्हता. त्याच वर्षीं एक वादळ-उधाण समिति नेमली गेली आणि व्हान व्हेन तिचा चिटणीस झाला. समितीच्या लक्षांत आलें तें भयंकर होतें: नैर्ऋत्येचे पुष्कळ बांध सरळ सरळ ठेंगणे होते.

हे अहवाल गोपनीय राहिले. मध्यंतरीं जर्मनांनीं देश व्यापला. १९४४ च्या ऑक्टोबरांत दोस्तांच्या विमानांनीं शत्रूस हुसकून लावण्यासाठीं वाल्खेरेन बेटाचा वेस्टकापेले येथील बांध बाँबनीं फोडला; त्यांत त्या एका खेड्यांतील दीडशेंहून अधिक रहिवासी मेले आणि बेटाच्या बहुतेक भागांत वर्षभर भरती-ओहोटी खेळत राहिली. युद्ध संपल्यावर तें बेट कोरडें करणें, घरें बांधणें, पूल उभारणें, यांतच पैसा संपला. न फुटलेल्या बांधावर खर्च करण्यास कोण तयार होणार? शिवाय देशांत पाणी-मंडळें अडीच हजारांहून अधिक होतीं. जुन्या काळीं जी गांवकी मोठें बळ ठरली होती, तीच आतां अडचण झाली. दोन-चार खेड्यांचें मंडळ कराच्या पैशांतून एक मीटर उंचीची भर कोठून घालणार? व्हान व्हेन स्वतः लिहीत राहिला, नकाशे काढीत राहिला. एकेक बांध उंच करण्याऐवजीं समुद्राकडचीं मुखेंच बंद करावीं, असें त्याचें मत बनत गेलें. १९४८ सालीं त्यानें गाळ उपसण्याच्या आणि जमीन मिळविण्याच्या डच कलेवर इंग्रजींत एक सुंदर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या पुढच्या आवृत्तींत एक प्रकरण ‘डॉ. कॅसांड्रा’ या टोपण नांवानें घातलें आहे. ग्रीक पुराणांतील कॅसांड्रेस भविष्य दिसत असे, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं असा तिला शाप होता. हें टोपण नांव त्यानें स्वतःसाठींच निवडलें होतें.

मुखें बंद करण्याच्या योजनेवर तो १९५३ च्या जानेवारी अखेरपर्यंत काम करीत होता. ३१ जानेवारी, शनिवार. त्या दिवशीं वायव्येच्या वादळानें आयर्लंडच्या समुद्रांत ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ ही प्रवासी बोट बुडविली, आणि मग तें उत्तर समुद्रावर उतरलें. उत्तर समुद्र दक्षिणेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. वाऱ्यानें लोटलेल्या पाण्यास तेथें वर चढण्यावांचून मार्ग नसतो. त्यांतच पौर्णिमेनंतरचें मोठें उधाण. डे बिल्टच्या वेधशाळेनें सायंकाळीं धोक्याच्या पाण्याचा इशारा तारेनें पाठविला. परंतु अशा तारांचे वर्गणीदार थोडे, आणि शनिवार असल्यामुळें कचेऱ्या बंद. नभोवाणीवर सायंकाळच्या बातम्यांत तो इशारा सांगितला गेला. मध्यरात्रीं नेहमींच्या वेळापत्रकाप्रमाणें हिल्व्हर्समचें प्रक्षेपण थांबलें. रात्रभर बोलत राहण्याची तेव्हां सोयही नव्हती आणि वहिवाटही नव्हती. बेटांवरील कांहीं म्हाताऱ्या लोकांस मात्र सायंकाळींच चमत्कारिक वाटलें होतें: ओहोटीची वेळ झाली तरी पाणी उतरलें नव्हतें.

पहांटे तीन-चारच्या सुमारास बांध फुटूं लागले. हुक ऑफ हॉलंड येथें पाणी ३.८५ मीटर चढलें; १८९४ पेक्षां अर्ध्या मीटराहून अधिक. झोंपलेल्या खेड्यांत तें अंधारांतून आलें. लोक माळ्यांवर, छपरांवर, झाडांवर चढले. टेलिफोन तुटले, आणि बेटें बेटेंच असल्यामुळें एका गांवास दुसऱ्याची वार्ता नव्हती. झीरिक्झे येथील एका हौशी बिनतारीवाल्यानें यंत्र जुळवून बाहेरच्या जगास पहिल्या बातम्या दिल्या. अनेक घरें पहिल्या लाटेस टिकलीं, आणि रविवारीं दुपारीं दुसरी भरती आली तेव्हां भिजलेल्या भिंतींसह कोसळलीं. मदत पोंचेल म्हणून छपरांवर वाट पाहणारी कित्येक माणसें या दुसऱ्या पाण्यानें नेलीं. औडे-टोंगे या एका खेड्यांत ३०५ माणसें मेलीं. देशांत एकंदर १८३६. समुद्रापलीकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेंहून अधिक. सुमारें ७२,००० लोकांस घरें सोडावीं लागलीं. मदतीस प्रथम पोंचले ते कोळी, आपल्या मासेमारीच्या होड्या घेऊन. रस्ते गेले होते त्या ठिकाणीं त्यांनीं शेतांवरून होड्या चालविल्या.

त्याच पहांटे रॉटरडॅमजवळ एक प्रसंग असा घडला कीं, त्यापुढें बोट घालणाऱ्या मुलाची गोष्ट फिकी पडते. आयसेल नदीकांठचा एक जुना बांध खचत होता. त्याच्या मागें दक्षिण हॉलंडचा दाट वस्तीचा मुलूख, लाखों माणसें. त्याला न्यूवेरकेर्क गांवापाशीं भगदाड पडलें. तेथील नगराध्यक्षानें आरी एव्हेग्रून या नावाड्यास त्याची मालवाहू नौका त्या भगदाडांत घालण्यास फर्माविलें. नौका प्रवाहांत सांपडून आरपार निघून गेली असती तर नाव, नावाडी आणि मुलूख, सारेंच गेलें असतें. एव्हेग्रून यानें ती आडवी आणून दरवाजासारखी बांधावर लावली. ती टेंकली, आणि मागून लोकांनीं वाळूच्या पिशव्या रचल्या. ‘दोघे भाऊ’ असें त्या नौकेचें नांव होतें. या घटनेचें शिल्प त्या ठिकाणीं उभें आहे, परंतु परदेशी प्रवासी अजून त्या मुलाचाच पुतळा विचारतात.

फुटलेले बांध बुजविण्यास नऊ महिने लागले. भरती-ओहोटीचें पाणी प्रत्येक खेपेस भगदाड अधिक खोल करीत होतें. औवेरकेर्क येथील शेवटची खिंड ६ नोव्हेंबरच्या रात्रीं बुजली. तींत बुडविलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या प्रचंड पेट्या मुळांत नॉर्मंडीच्या स्वारीसाठीं, तरत्या बंदराकरितां बनविल्या होत्या. मध्यंतरीं फेब्रुवारींतच सरकारनें डेल्टा समिति नेमली आणि व्हान व्हेनच तिचा चिटणीस झाला. टेबलावर योजना तयार होतीच. ती त्याचीच होती.

समितीपुढील खरा कठीण प्रश्न उंचीचा होता. समुद्रास वरची सीमा नाहीं असें गणित सांगतें. मग बांध किती उंच करावा? फान डांट्झिख नांवाच्या अॅम्स्टरडॅमच्या गणितज्ञानें त्याचें उत्तर सावकाराच्या हिशेबासारखें मांडलें: एका बाजूस उंची वाढविण्याचा खर्च, दुसऱ्या बाजूस बुडणाऱ्या मालमत्तेची किंमत गुणिलें बुडण्याचा संभव, दोहोंची बेरीज जेथें सर्वांत कमी ती उंची योग्य. मनुष्याच्या प्राणाची किंमत त्यांत कशी धरावी हें त्यासही अवघड गेलें. अखेरीस मध्य हॉलंडसाठीं दहा हजार वर्षांत सरासरी एकदां येईल असें उधाण प्रमाण मानलें. शेतांच्या प्रांतांस त्याहून कमी कडक प्रमाण मिळालें. ज्यांनीं सर्वाधिक माणसें गमावलीं त्यांचेच बांध हिशेबांत स्वस्त ठरावेत, ही गोष्ट कोणासही सुखाची वाटण्यासारखी नाहीं; परंतु हिशेब उघड्यावर मांडला गेला, पूर्वीसारखा कपाटांत राहिला नाहीं, एवढें म्हणतां येतें.

१९५८ सालीं कायदा झाला. त्याच वर्षीं आयसेल नदीवरचें पहिलें दार उभें राहिलें. व्हान व्हेनास पाहावयास मिळालें तें एवढेंच, कारण १९५९ च्या डिसेंबरांत तो वारला. पुढें एकेक मुख बंद होत गेलें. सर्वांत रुंद मुख पूर्व स्केल्टचें. तें शेवटीं ठेविलें होतें, आणि तेथें काम सुरू झाल्यावर तंटा उभा राहिला. मुख घट्ट बंद केलें तर भरती थांबेल, खारें पाणी जाईल, आणि येर्सेके गांवच्या कालवांच्या व शिंपल्यांच्या मळ्यांचा अंत होईल. कोळी उठले, त्यांच्या जोडीस पक्ष्यांचे व निसर्गाचे अभ्यासक आले. दुसऱ्या बाजूस १९५३ मध्यें घरचीं माणसें गमावलेले शेतकरी होते; त्यांस शिंपल्यांसाठीं बांध अपुरा ठेवणें म्हणजे मेलेल्यांची थट्टा वाटे. दोन्ही पक्ष किनाऱ्याचेच, दोघांचेंही पोट त्याच पाण्यावर. १९७६ मध्यें पार्लमेंटनें तिसरा मार्ग पत्करला: पासष्ट खांब, त्यांमध्यें पोलादाचीं बासष्ट दारें. एरवीं तीं वर उचललेलीं असावींत आणि भरती आंत-बाहेर खेळावी. पाणी तीन मीटरांवर जाण्याचा अंदाज झाला म्हणजे तीं पाडावींत. खर्च पुष्कळच वाढला. ४ ऑक्टोबर १९८६ रोजीं राणी बेआट्रिक्स हिनें त्याचें उद्घाटन केलें.

कालवें वांचलीं. परंतु खांबांच्या अडथळ्यानें प्रवाहाचा जोर कमी झाला आहे, आणि ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या वाळवंटांवर नवी वाळू चढवील एवढा तो उरलेला नाहीं. वादळें तेथील वाळू खालच्या खोल पाण्यांत लोटतात आणि ती परत येत नाहीं. या वाळवंटांवर हजारों पक्षी चरतात, आणि तींच बांधाकडे येणारी लाट अगोदर मोडतात. तीं दरवर्षीं झिजत आहेत. डच इंजिनियर याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. २०१९-२० च्या हिंवाळ्यांत रोखेनप्लाट नांवाच्या एका वाळवंटावर गाळउपशा जहाजांनीं नवी वाळू आणून टाकण्यांत आली. ती किती वर्षें पुरते याचीं मापें घेण्याचें काम चालू आहे.